प्रस्तावना सगळ्यात शेवटी: पंचगंगेच्या नोंदींतून शोधनिबंध कसा उभा करावा

प्रश्न कोल्हापुरातल्या एका संशोधक विद्यार्थिनीचा आहे. पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. सुरू आहे. जून २०२१ ते मे २०२३ या काळात प्रयाग चिखली, राजाराम बंधारा, रुई, तेरवाड आणि नृसिंहवाडीच्या संगमाआधी, अशा पाच ठिकाणांहून दर महिन्याला पंचगंगेचं पाणी आणून तिने पीएच (आम्ल-अल्कता), टीडीएस (विरघळलेले एकूण घन पदार्थ), विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; तो जितका जास्त तितकं पाणी घाण) आणि नायट्रेट तपासलं. आता पेपर लिहायला बसली आहे. प्रस्तावनेची बारा पानं झाली, पुढे गाडी हलत नाही. मध्येच एका जर्नलची मेल आली, पैसे भरा, तीन दिवसांत छापून देतो. गाईड म्हणतात थांबा, बरोबरचे म्हणतात टाकून मोकळी हो. शिवाय तिची मैत्रीण इतिहासात संशोधन करते. तिलाही हेच नियम लागू पडतात का, असं तिने विचारलंय.

ताई, तुमचं सगळ्यात कष्टाचं काम झालेलं आहे. ऊन असो, पाऊस असो, दर महिन्याला नदीकाठी उतरून बाटल्या भरून आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. लिहिणं अडलंय, कारण सुरुवात चुकीच्या टोकापासून झाली आहे.

ती बारा पानं बाजूला ठेवा. त्यात काय असेल याचा मला अंदाज आहे: पाणी म्हणजे जीवन, जलप्रदूषण ही जागतिक समस्या, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा कशी होते, मग कोल्हापूरचा इतिहास. प्रस्तावनेचं हे गुऱ्हाळ लावलं की ते थांबत नाही, कारण नक्की कशाची प्रस्तावना करायची तेच ठरलेलं नसतं. पेपर तपासणारा माणूस या विषयातलाच असतो. पाणी महत्त्वाचं आहे हे त्याला पटवायची गरज नसते. तुमच्याकडे असं काय आहे जे त्याला माहीत नाही, एवढंच त्याला हवं असतं.

म्हणून पहिलं काम: एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा, तेही प्रश्नाच्या रूपात. ‘पंचगंगेच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही, तो विषय झाला. विषयाला उत्तर नसतं. तुमच्या नोंदींतून निघू शकेल असा एक प्रश्न मी सुचवतो: ऊस गाळपाच्या हंगामात राजाराम बंधारा ते तेरवाड या पट्ट्यात बीओडी वाढतो का, आणि वाढत असेल तर ती वाढ गाळपामुळे म्हणता येईल का? या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्यावर जरा थांबू, कारण तुमचा पेपर तिथेच उभा राहील नाहीतर पडेल.

गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. नेमक्या त्याच काळात नदीचा प्रवाहही उतरत जातो. पाणी कमी झालं की तेवढ्याच सांडपाण्याने बीओडी जास्त दिसतो. तेव्हा जानेवारीचा बीओडी ऑगस्टपेक्षा जास्त आला, एवढ्यावरून साखर कारखान्यांकडे बोट दाखवता येत नाही. शहराचं सांडपाणी वर्षभर येतंच, ते नदीत आणणाऱ्या जयंती नाल्याला काही हंगाम नसतो. इचलकरंजीकडच्या कापड प्रक्रिया उद्योगांचंही तसंच. मग हे वेगळं कसं करायचं? तुमच्याकडे दोन मे महिने आहेत. मे महिन्यात प्रवाह जानेवारीपेक्षाही कमी, बंधाऱ्यांच्या मागे पाणी तुंबलेलं, पण गाळप थांबलेलं. बीओडी मे महिन्यात उतरला असेल, तर गाळपाचा वाटा असल्याचा तो सबळ पुरावा आहे. तसाच राहिला किंवा आणखी वाढला असेल, तर प्रवाह आणि शहरी सांडपाणी हे स्पष्टीकरण जास्त जुळतं. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी पेपर होतो. त्यासाठी साखर आयुक्तालयाच्या गाळप अहवालांतून त्या दोन्ही हंगामांत परिसरातले कारखाने कधी सुरू झाले, कधी बंद झाले त्या तारखा काढा आणि जलसंपदा विभागाकडे प्रवाहाच्या नोंदी मागा. या दोन गोष्टी जोडल्या की तुमचे आकडे बोलायला लागतील.

आणखी एक जपा. चिखलीच्या ठिकाणाला ‘प्रदूषणमुक्त’ किंवा ‘नियंत्रण’ (तुलनेसाठीचं स्वच्छ) ठिकाण म्हणू नका. चिखलीच्या वरच्या अंगालाही कारखाने आहेत, गावं आहेत, शेतातून वाहून येणारी खतं आहेत. ‘शहराच्या वरचं ठिकाण’ म्हणा, तेवढंच खरं आहे.

प्रश्न ठरला की लगेच लिहायला बसू नका. आधी तक्ते आणि आकृत्या करा. पाच ठिकाणं, चोवीस महिने, पाच घटक म्हणजे सहाशे आकडे होतात. ते सगळे पेपरात ओतायचे नाहीत. पूर्ण तक्ता पुरवणीत द्या. पेपरात पाच ठिकाणं आणि नदीची दिशा दाखवणारा नकाशा, महिन्यागणिक बीओडीचा आलेख, त्यावर गाळपाचे महिने वेगळ्या रंगात, आणि ठिकाण व हंगामानुसार मांडलेला एक तक्ता, एवढं पुरे. हे तीन कागद टेबलावर मांडून विषयाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला बोलवा आणि तुम्ही गप्प राहा. फक्त आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी वाचून तुमचा दावा काय आहे हे त्याला सांगता आलं, तर पेपर जमला. सांगता आलं नाही, तर दोष वाक्यांमध्ये शोधू नका, आकृती बदला. आकृतीखालच्या ओळीत काळ, ठिकाण, नमुन्यांची संख्या आणि आलेखातल्या बिंदूंवरच्या उभ्या रेघा प्रमाण विचलन दाखवतात की प्रमाण त्रुटी, हे लिहिलेलं असलंच पाहिजे.

आकड्यांबद्दल मी कडक आहे. टायट्रेशनने काढलेला ऑक्सिजन ‘५.४२७६’ असा लिहू नका. ब्युरेटला, म्हणजे टायट्रेशनच्या मापनळीला, तेवढं दिसत नाही. एकाच बाटलीतल्या पाण्याचं तीनदा टायट्रेशन केलं म्हणजे तीन नमुने झाले असं नाही. तो एकच नमुना, फक्त तीनदा मोजलेला. नायट्रेट उपकरणाच्या मर्यादेखाली आलं असेल तर शून्य लिहायचं नाही, ‘मर्यादेखाली’ लिहायचं आणि मर्यादा किती ते द्यायचं. एकाच ठिकाणाहून महिन्यामागून महिना घेतलेले नमुने एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे कुठली चाचणी लावायची हे संख्याशास्त्र विभागातल्या कुणाशी तरी आधी बोलून ठरवा. चाचणी केल्याशिवाय ‘लक्षणीय’ हा शब्द वापरू नका.

आणि जुलै २०२१. त्या महिन्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेलं होतं, शिरोळ तालुका पाण्याखाली होता. तुमचे त्या महिन्याचे काही नमुने राहिले असणार. ती जागा रिकामी ठेवा आणि का रिकामी आहे ते लिहा. जून आणि ऑगस्टची सरासरी काढून भरलेला आकडा हा खोटा आकडा आहे, मग तो कितीही शहाणा दिसो. पुरामुळे नमुना घेता आला नाही, हे वाचून कुठलाही समंजस परीक्षक तुम्हाला कमी लेखणार नाही.

यानंतर पद्धतीचा भाग लिहा, कारण तो आत्ता आठवतोय. त्याची कसोटी एकच: दुसऱ्या कुणी तुमचं वाचून नेमकं तेच काम पुन्हा करू शकेल का? ‘प्रमाणित पद्धतीने बीओडी काढला’ यावरून काही कळत नाही. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. बाहेरच्या बऱ्याच अभ्यासांत २० अंशाला पाच दिवस असतात. कुठलं केलं ते लिहिलं नाही, तर तुमच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. नमुन्यातला ऑक्सिजन बांधून ठेवणारं मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड नदीकाठीच घातलं की प्रयोगशाळेत आल्यावर, हेही लिहा. नमुना घेतल्याची वेळ लिहा. हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, पण दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषण करत असतात, म्हणून दुपारी विरघळलेला ऑक्सिजन जास्त आणि पहाटे कमी असतो. चिखलीला कायम सकाळी सात वाजता आणि नृसिंहवाडीला कायम दुपारी दोन वाजता पोहोचला असाल, तर ऑक्सिजनमधला फरक काही अंशी घड्याळाचा आहे. तसं असेल तर ते मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा आणि दावा बीओडीवर उभा करा.

निष्कर्षांचा भाग सरळ असतो: आकृतीत काय दिसतं ते सांगायचं, का दिसतं ते इथे सांगायचं नाही. तक्त्यातला प्रत्येक आकडा वाक्यात पुन्हा वाचून दाखवू नका.

चर्चेचा भाग मात्र मन लावून लिहा. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं पाहिजे. मग ते उत्तर चुकीचं ठरवू शकतील अशा शंका तुम्हीच मांडा: प्रवाह, नमुन्याची वेळ, चिखलीच्या वरचे स्रोत. प्रत्येक शंकेला तुमच्याकडे काय उत्तर आहे ते सांगा. नसेल तर नाही म्हणा. परीक्षकाने विचारायच्या आत तुम्ही विचारलेला प्रश्न तुमच्या बाजूचा साक्षीदार होतो. तुलना करताना मानक योग्य निवडा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात नायट्रेटसाठी ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि टीडीएससाठी ५०० ही स्वीकार्य मर्यादा आहे, पण त्यात बीओडीची मर्यादाच नाही. तरी त्या मानकाच्या नावावर बीओडीचा आकडा टाकलेले तक्ते वाचायला मिळतात, आणि एकाचं बघून दुसरा टाकतो. नदीच्या बाबतीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आंघोळीच्या पाण्याचे निकष घ्या: बीओडी ३ किंवा कमी, विरघळलेला ऑक्सिजन ५ किंवा जास्त, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर. आपल्याकडे घाटांवर आणि नृसिंहवाडीच्या संगमावर माणसं खरोखर स्नान करतात, म्हणून हा निकष इथे नुसता कागदावरचा राहत नाही.

भाषेचं म्हणाल तर चर्चेचा भाग आधी मराठीत लिहून काढा, पेपर इंग्रजीत पाठवायचा असला तरी. इंग्रजीत अडखळणारा माणूस वाचलेली वाक्यं उचलतो, आणि त्या वाक्यांबरोबर दुसऱ्याचा विचारही येतो. मराठीत ‘मे महिन्यात गाळप बंद होतं तरी तेरवाडला बीओडी उतरला नाही, याचा अर्थ…’ असं लिहायला लागलात की विचार तुमचाच राहतो. मग त्याचं साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी करा.

आता प्रस्तावना. चार परिच्छेद पुरतील: नदीच्या या पट्ट्याबद्दल काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते माहीत नसल्याने काय अडतं, आणि तुम्ही काय विचारलंत. तुमच्या बारा पानांतून यासाठी दीडेक पान निघेल; बाकीचं प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात जाईल, वाया जाणार नाही. त्यानंतर सारांश, साधारण दोनशे-अडीचशे शब्दांचा, आणि त्यात निदान एक तरी प्रत्यक्ष आकडा हवा. शीर्षक सगळ्यांत शेवटी, जमलं तर त्यातच उत्तर येऊ द्या.

संदर्भ. जे वाचलं तेच द्यायचं. एकाच्या पेपरातला संदर्भ न वाचता आपल्या यादीत घेतला की त्याची चूकही आपल्या नावावर येते. मूळ लेख मिळत नाही ही सबब आता फारशी चालत नाही. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो जर्नल खुली झाली आहेत; तुमच्या संस्थेला ती सोय आहे का हे ग्रंथालयात विचारा. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात प्रबंध मोफत वाचता येतात. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात जाऊन ग्रंथपालांशी बोला. ग्रंथपालांना विचारायला विद्यार्थी का संकोचतात हे मला आजवर कळलेलं नाही. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून भाषा सुधारून घेतली असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा, पण त्याने दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. अस्तित्वातच नसलेले लेख ही साधनं लेखक, वर्ष आणि पृष्ठक्रमांकासह बिनदिक्कत देतात.

साम्य तपासणीची, म्हणजे आपला मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो हे यंत्राने तपासण्याची, फार धास्ती घेतली जाते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, प्रमाण समीकरणं यात मोजली जात नाहीत. पण टक्का खाली आणण्यासाठी दुसऱ्याच्या वाक्यातले शब्द बदलत बसणं ही चोरीच आहे, फक्त यंत्राला न दिसणारी. वाचून झाल्यावर लेख मिटा, आणि समजलं ते आपल्या शब्दांत लिहा.

लेखकांची नावं पेपर लिहायला घेतानाच ठरवा. ज्याने कामाच्या आखणीत, नमुन्यांत किंवा विश्लेषणात खरा वाटा उचलला, मसुद्यात भर घातली किंवा तो नीट तपासला, अंतिम मसुदा मान्य केला आणि जो सगळ्याची जबाबदारी घ्यायला तयार आहे, तो लेखक. मान राखायचा म्हणून विभागातल्या वरिष्ठांचं नाव घालण्याची रीत आहे. ती मोडणं विद्यार्थ्याला अवघड जातं हे मला दिसतं, म्हणून हे बोलणं गाईडनी करायचं असतं. त्यांना तसं सांगा. प्रयोगशाळेतल्या मदतनीसाचे आणि तुम्हाला नदीत नेणाऱ्या नावाड्याचे आभार मात्र नावानिशी माना.

आता ती तीन दिवसांची मेल. तिला उत्तर देऊ नका. तुमच्या पेपराला योग्य परीक्षक शोधायलाच तीन दिवसांपेक्षा जास्त लागतात. आयएसएसएन क्रमांक हा दर्जाचा दाखला नाही, तो कुठल्याही नियतकालिकाला मिळतो. यूजीसीची केअर ही मान्य जर्नलांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘केअरमान्य’ असा शिक्का कुणी दाखवत असेल तर आता त्याला अर्थ नाही. स्कोपस या आंतरराष्ट्रीय लेखसूचीत असल्याचा दावा असेल तर तो स्कोपसच्या स्वतःच्या स्रोतसूचीत तपासा. तिथे बघायला पैसे लागत नाहीत. चांगल्या जर्नलच्या नावाची नक्कल करणारी संकेतस्थळंही आहेत, म्हणून पत्ता सूचीतूनच उघडा. सगळ्यात सोपी वाट अशी: तुमच्या संदर्भसूचीत जे लेख तुम्हाला खरोखर उपयोगी पडले, ते कुठे छापून आलेत ते बघा. तुमचा वाचक तिथेच आहे. आणि घाई कशाची? यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला असण्याची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा नियम पीएच.डी. विभागात लेखी विचारून घ्या. नोकरीसाठी पेपर लागतातच, पण निवड समितीत बसणारी माणसं जर्नलचं नावही वाचतात.

एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. परीक्षकांचे शेरे आले की पहिल्या दिवशी फक्त वाचा. नंतर प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर लिहा: काय बदललं, कुठल्या पानावर, नसेल बदललं तर का नाही. ‘परीक्षकाला कळलंच नाही’ असं वाटलं, तर त्या जागी तुमचं वाक्य धूसर आहे असं समजून दुरुस्त करा. नाकारला गेला तरी शेरे वापरा आणि मगच दुसरीकडे पाठवा. या विषयात परीक्षक मोजके असतात, तोच मसुदा त्याच माणसाकडे पुन्हा जाऊ शकतो.

तुमच्या मैत्रिणीबद्दल. एक प्रश्न, एक दावा, आणि दाव्याविरुद्धची शंका आपणच मांडणं, हे इतिहासातही तसंच. बाकी रचना वेगळी. तिथे पद्धत आणि निष्कर्ष असे कप्पे नसतात. पुरावा आणि युक्तिवाद हातात हात घालून चालतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात ती मोडी कागद बघत असेल, तर कागद हातात असतानाच दफ्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणि कागदाचा क्रमांक, तारीख, कुणी कुणाला लिहिलं, हे टिपून ठेवू दे. नंतर तोच रुमाल पुन्हा सोडवून तो कागद शोधायचा म्हणजे दिवस जातो. शिवाय लिप्यंतर आणि त्याचा अर्थ नोंदवहीत वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला काढलेल्या, मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखण्याच्या आदेशासारखा सर्वांना ठाऊक असलेला दस्तऐवजही दुसऱ्याच्या पुस्तकातून न घेता मूळ राजपत्राच्या मजकुरावरूनच उद्धृत करावा.

पेपर स्वीकारला गेला की मुद्रित, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, येतं आणि ते तपासायला दोन-तीन दिवसच देतात. तेव्हा एककं बघा, नकाशावर, तक्त्यात आणि मजकुरात गावांची नावं एकाच तऱ्हेने लिहिली आहेत का ते बघा, आणि तुमचं नाव प्रबंधावर जसं आहे तसंच आहे ना ते बघा. ते झालं की मराठीत एक पान लिहा: कुठल्या महिन्यात, कुठल्या ठिकाणी पाणी आंघोळीच्या निकषात बसलं आणि कुठे बसलं नाही. ते रुई आणि तेरवाडच्या ग्रामपंचायतींना आणि नृसिंहवाडीच्या देवस्थानाला स्वतः नेऊन द्या.